बागेतील मॉस : ओळख आणि लागवड

मराठीत ‘शेवाळ’ हा एकच शब्द विहिरीतल्या पाण्यावर धरणारी हिरवी साय, मोरीतली निसरडी फरशी आणि पावसाळ्यात जांभ्याच्या गडग्यावर उमटणारी मखमल या तिन्हींसाठी सरसकट वापरला जातो, आणि बागेत मॉस वाढवू पाहणाऱ्यांच्या बऱ्याच चुकांचे मूळ या शब्दाच्या ऐसपैसपणात सापडते. पाण्यावरची साय आणि फरशीवरचा बुळबुळीत लेप ही शैवले होत. त्यांना खोड-पान असा भेद नसतो. गडग्यावरची मखमल ही मात्र खोड आणि पाने असलेल्या हजारो स्वतंत्र, इवल्या वनस्पतींची दाट वस्ती असते आणि तिच्यावरून पाय सहसा घसरत नाही. घसरतो तो तिच्या शेजारच्या शैवलावरून. मराठी वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत या वनस्पतींच्या व्यापक गटाला ‘शेवाळी’ आणि त्यातील मॉसला ‘हरिता’ अशी नावे आहेत, परंतु शाळेच्या पुस्तकांपासून रोपवाटिकेपर्यंत ‘मॉस’ हाच शब्द रुळलेला असल्यामुळे येथेही तोच वापरला आहे.

शेवाळींच्या गटात, म्हणजे ब्रायोफायटांत, तीन उपगट मोडतात. मॉसच्या जगभरात सुमारे १२,००० जाती आहेत. चपट्या, बहुधा पानासारख्या पसरणाऱ्या यकृतकांच्या, म्हणजे लिव्हरवर्टच्या, सुमारे ७,००० आणि शिंगासारखी बीजुकपात्रे उभारणाऱ्या शृंगकांच्या जेमतेम दोनशे. भारतात या तिन्ही उपगटांच्या मिळून अडीच हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत आणि पूर्व हिमालय व पश्चिम घाट हे त्यांचे सर्वांत समृद्ध प्रदेश मानले जातात. भारतीय अभ्यासाचा पाया शिवराम कश्यप यांनी घातला. पश्चिम हिमालय व पंजाबच्या मैदानांतील यकृतकांवरचा त्यांचा ग्रंथ १९२९ व १९३२ अशा दोन भागांत निघाला. मुंबई इलाख्यातील मॉसचे नमुने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एल. जे. सेजविक यांनी गोळा केले आणि त्यांची ओळख ब्रिटिश तज्ज्ञ एच. एन. डिक्सन यांनी पटवली. खंडाळा व महाबळेश्वर येथील मॉसवर जी. टी. दाभाडे यांचे पुस्तक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे सारे लेखन प्रयोगशाळेसाठी आहे. बाग करणाऱ्याला हाताशी धरता येईल असे मराठी साहित्य फारसे नाही, आणि ती उणीव इंग्रजी पुस्तकांतील थंड हवामानाचे सल्ले जसेच्या तसे उचलून भरून काढण्याची सवय बागप्रेमींना लागलेली आहे.

ओळखीच्या वाटेवरचा पहिला अडथळा म्हणजे मॉस नसताना मॉसचे नाव मिरवणाऱ्या वस्तू. गोड्या मसाल्यातले दगडफूल पुष्कळांना वाळके शेवाळ वाटते, परंतु ती दगडांवर व झाडांच्या सालीवर वाढणारी शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवल यांची भागीदारी, असते. ‘रेनडिअर मॉस’ हेही शैवाकच होय. झाडावरून राखाडी दाढीसारखे लोंबणारे ‘स्पॅनिश मॉस’ ही अननसाच्या कुळातील सपुष्प वनस्पती आहे, तर ‘आयरिश मॉस’ हे नाव एका लाल सागरी शैवलाला आणि एका बारीक फुलझाडालाही दिले जाते. रोपवाटिकांत मॉस म्हणून खपणारी सेलाजिनेला नेच्यांच्या जवळची असून तिच्या अंगात पाणी वाहून नेणाऱ्या नलिका असतात. मत्स्यालयाच्या व्यापारातली गोष्ट तर आणखी बोलकी आहे : ‘जावा मॉस’ या नावाने विकले जाणारे मॉस वर्षानुवर्षे वेसिक्युलारिया दुब्याना समजले गेले, आणि तपासणीअंती ते टॅक्सिफायलम बार्बिएरी निघाले. नाव चुकले तर काय बिघडले, असा प्रश्न येथे विचारता येईल. पाण्यात बुडवून ठेवण्याच्या मॉसच्या बाबतीत फारसे बिघडत नाही, परंतु उन्हातल्या भिंतीवर किंवा झाडाच्या बुंध्याशी लावण्याच्या मॉसच्या बाबतीत सगळेच बिघडते, कारण मॉसची प्रत्येक जात विशिष्ट पृष्ठभाग, आम्लता व ओलाव्याचा क्रम यांना बांधलेली असते.

हे बंधन मॉसच्या शरीररचनेतून येते. मॉसला खरी मुळे नसतात. मूलाभ नावाचे केसासारखे तंतू त्याला जागेशी धरून ठेवतात, पण पाणी आणि क्षार यांचा मोठा वाटा पानांच्या पृष्ठभागातूनच आत येतो, आणि ही पाने बहुतेक जातींत पेशींच्या एकाच थराची असतात. त्यामुळे भोवतालची हवा दमट असेल तेव्हा मॉस ओले व कामात असते, आणि हवा कोरडी झाली की काही मिनिटांत वा तासांत तेही सुकून निपचित पडते. मोठे झाड पाणी साठवून कोरड्या काळाशी झुंजते, तर मॉस पाण्याबरोबरच आपला व्यवहार बंद करते आणि पाऊस आला की पुन्हा सुरू करते. म्हणून मार्चमध्ये तपकिरी पडलेले मॉस मेलेले समजून खरवडून टाकणे ही अज्ञानातून होणारी चूक ठरते, आणि मॉसला शेणखत वा रासायनिक खत घालणे ही त्याहून मोठी. मुळे नसलेल्या वनस्पतीला खत पोचते ते थेट पानांवर बसणाऱ्या क्षारांच्या रूपाने, आणि ते क्षार तिला भाजून काढतात. मॉसला पोसायला पावसाचे पाणी आणि हवेतली धूळ पुरते. धुळीतले जड धातूही ते तसेच शोषून घेत असल्यामुळे युरोपात १९९० पासून हवेचे प्रदूषण मोजण्यासाठी मॉसचे नमुने तपासले जातात.

दुसरे वैशिष्ट्य जीवनचक्राचे आहे. डोळ्यांना दिसणारी हिरवी वनस्पती ही गंतुकधारी, म्हणजे नर व मादी पेशी निर्माण करणारी, पिढी असते. त्यांचे मीलन पाण्याच्या पातळ थरातूनच होऊ शकते आणि त्यातून हिरव्या मातेवरच पोसली जाणारी दुसरी, बीजुकधारी पिढी उगवते. बारीक दांड्यावरचे इवले बोंड ही ती दुसरी पिढी. बोंडातून बीजुके उडतात, ओल्या जागी रुजतात आणि त्यांच्यापासून प्रथम हिरव्या धाग्यांचे जाळे व मग त्यावर कळ्या फुटून नवे मॉस तयार होते. मॉसची लैंगिक इंद्रिये ओळखून त्यांचे कार्य सांगणाऱ्या योहान हेडविग यांच्या १८०१ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून मॉसचे अधिकृत नामकरण मोजले जाते, आणि पिढ्यांच्या या आलटापालटीचा अर्थ विल्हेल्म होफमाइस्टर यांनी १८५१ मध्ये लावला. बागेच्या दृष्टीने मात्र याहून मोलाची बाब ही की मॉसच्या खोडाचा किंवा पानाचा लहानसा तुकडाही नवे रोप उभे करू शकतो.

ओळखीची सुरुवात बोंड कोठे लागते या प्रश्नाने करणे सर्वांत फायद्याचे ठरते. काही मॉसमध्ये खोड सरळ उभे, सहसा न फांदणारे असते आणि बोंडाचा दांडा त्याच्या शेंड्यातून निघतो. अशी मॉस गोलसर उशा किंवा गालिच्याचे तुकडे बनवतात. इतर मॉसमध्ये खोड जमिनीवर सरपटत फांद्या फोडते आणि बोंडे खोडाच्या कुशीतून निघतात. त्यांची विणलेल्या चटईसारखी पसरण तयार होते. वनस्पतिशास्त्रात हा भेद वर्गीकरणाचा सर्वस्वी पाया राहिलेला नाही, परंतु बागेत तो अजून पहिल्या क्रमांकाचा आहे. उभी मॉस सावकाश वाढतात, कोरडेपणा सोसतात आणि सतत ओली ठेवली तर कुजतात. सरपटणारी मॉस झपाट्याने पसरतात, तुकड्यांतून सहज वाढतात आणि त्यांना ओलावा अधिक लागतो. ज्याला हा एकच भेद नीट दिसू लागला, त्याची लागवडीतली निम्मी फसगत टळते.

पुढची ओळख भिंगाने करायची असते. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते, आणि नमुना आधी कोरडा व मग पाण्याचा थेंब टाकून ओला पाहावा, कारण ओले होताना पान कसे उघडते हीच कित्येकदा जातीची खूण असते. शहरांतल्या गच्च्या, पदपथांच्या फटी आणि कुंड्यांच्या कडा येथे रुपेरी झाक असलेले, बुटके व दाट मॉस आढळते ते ब्रायम अर्जेंटियम. त्याच्या पानांच्या टोकांत हरितद्रव्य नसल्यामुळे ती चांदीसारखी चमकतात. अंटार्क्टिकासह सर्व खंडांवर आढळणारे हे मॉस तुटलेल्या शेंड्यांतून आणि बुटांच्या तळव्यांना चिकटून पसरते. जुन्या विटांच्या व चुन्याच्या भिंतींवर गडद हिरवे, कोरडे पडताच पाने आतल्या बाजूला नळीसारखी गुंडाळून घेणारे मॉस दिसले तर ते बहुधा हायोफिला इन्व्होल्युटा असते. त्याच्या पानांच्या बेचक्यात ताऱ्याच्या आकाराच्या सूक्ष्म कळ्या तयार होतात आणि त्या पाण्याबरोबर वाहून नव्या जागी रुजतात. पाने खोडाच्या दोन्ही बाजूंना एकाच प्रतलात, कंगव्यासारखी रचलेली आणि प्रत्येक पानाचा तळ खोडाला म्यानासारखा कवटाळणारा असेल तर ते फिसिडेन्स होय. ओल्या मातीच्या उभ्या कापांवर ते पश्चिम घाटात विपुल आहे. नेच्याच्या पात्याची अगदी छोटी प्रतिकृती वाटावी असे, तीनदा फांदलेले सरपटणारे मॉस म्हणजे थुइडियम. स्पंजासारखी फिकट हिरवी उशी, जी सुकल्यावर जवळजवळ पांढरी होते, ती ल्युकोब्रायमची. त्याच्या पानात हिरव्या पेशींचा एक थर मृत, पोकळ पेशींच्या थरांमध्ये दडलेला असतो. किनाऱ्यावरच्या माडांच्या खोडांवर असेच पांढुरके ऑक्टोब्लेफेरम आढळते.

पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांत प्रसिद्ध झालेले फ्युनारिया हायग्रोमेट्रिका मात्र बागेत भरवशाचे नाही. नाशपातीच्या आकाराचे, मान खाली घातलेले बोंड आणि हवेतला ओलावा बदलताच पीळ घेणारा लांब दांडा यांमुळे ते चटकन ओळखू येते, पण ते जळलेल्या जमिनीवर व रोपवाटिकेतल्या खतावलेल्या कुंड्यांत झटपट उगवणारे पाहुणे मॉस आहे. वर्षा-दोन वर्षांत इतर वनस्पतींनी जागा घेतली की ते निघून जाते. याच्या उलट टोकाला पॉलिट्रायकम आणि त्याचे घाटात आढळणारे भावंड पोगोनॅटम ही मॉस आहेत. ती ताठ, पाइनच्या रोपट्यासारखी दिसतात, बोंडावर केसाळ टोपी घालतात आणि पानांच्या वरच्या पृष्ठावर हिरव्या उभ्या पट्ट्यांच्या रांगा बाळगतात. यांच्या खोडात पाणी वाहून नेणाऱ्या पेशींची साधी व्यवस्था असते, त्यामुळे ती मॉसच्या मानाने उंच होतात आणि तुकड्यांनी लावण्यापेक्षा मातीच्या ढेकळासह उचलून लावलेली चांगली जगतात.

मॉसच्या शेजारीच यकृतकेही असतात आणि त्यांना तण समजून उपटणे योग्य नाही. मार्कान्शियाच्या चपट्या हिरव्या अंगावर इवल्या वाट्या असतात व त्यांत पुनरुत्पादनाच्या चकत्या. पावसाचा थेंब वाटीत पडला की चकत्या उडून दूर रुजतात. घाटातल्या ओल्या कपारींत व जुन्या भिंतींच्या सावलीत पिवळसर हिरवी चमक देणारे सायथोडियम हे पावसाळ्यातले आणखी एक देखणे यकृतक. कुंडीतल्या रोपाच्या मुळाशी पाणी पोचू देत नाही इतका मार्कान्शियाचा थर जाड झाला, तरच तो काढण्यात अर्थ आहे.

मॉसच्या बागेचा विचार जपानला टाळून करता येत नाही. क्योतोच्या साइहो-जी मंदिराची बाग १३३९ मध्ये झेन गुरू मुसो सोसेकी यांनी नव्याने रचली, परंतु आज तिला ‘कोकेदेरा’, म्हणजे मॉसचे मंदिर, ही ओळख ज्यामुळे मिळाली ते मॉस त्यांच्या आराखड्यात नव्हते. पूर, युद्धे व दुर्लक्ष यांच्या काळात बागेची निगा सुटली आणि ओलसर जमिनीवर मॉस आपणहून पसरले; नंतरच्या काळाने त्याला सौंदर्य म्हणून स्वीकारले. आज तेथे सुमारे १२० जातींचे मॉस आहे, १९९४ मध्ये युनेस्कोने क्योतोच्या इतर स्थळांसह या मंदिराला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, आणि मॉसवर पडणारी पावले मर्यादित राहावीत म्हणून १९७७ पासून प्रवेश आगाऊ नोंदणीनेच मिळतो. जपानी माळ्यांनी मात्र या आपसूक घडण्याला पुढे तंत्राचे रूप दिले : मॉसच्या चकत्या जमिनीवर चिकटवणे आणि वाळवून चुरलेले मॉस पेरणे या दोन पद्धती तेथे नियमित वापरात आहेत. ‘सुगिगोके’ म्हणजे पॉलिट्रायकमच्या कुळातील मॉस मोकळ्या जागेसाठी, ल्युकोब्रायम झाडांच्या बुंध्याशी आणि ‘हाइगोके’ हे हिप्नम कुळातील सरपटणारे मॉस ‘कोकेदामा’ या मातीच्या गोळ्यांसाठी, अशी जागेनुसार निवड केली जाते. भारतात उत्तराखंडच्या वन विभागाने नैनितालजवळ खुर्पाताल येथे नोव्हेंबर २०२० मध्ये मॉसची बाग खुली केली. तिचा मुख्य हेतू शोभेपेक्षा संवर्धन व अभ्यासाचा आहे.

क्योतोचे तंत्र महाराष्ट्रात तसेच चालत नाही, याचे कारण पावसाच्या प्रमाणात नसून त्याच्या वाटणीत आहे. क्योतोला वर्षाकाठी सुमारे १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरहून अधिक. पण क्योतोचा पाऊस वर्षभर विखुरलेला आहे आणि महाबळेश्वरचा जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. म्हणून सह्याद्रीतले मॉस हे मुळात ऋतूचे मॉस असते आणि त्याच्याकडून एप्रिलमध्ये हिरवेपणाची अपेक्षा करणे म्हणजे आंब्याने श्रावणात मोहर धरावा असे म्हणण्यासारखे आहे. नळाच्या पाण्याची फवारणी करून उन्हाळ्यात मॉस हिरवे ठेवण्याचा खटाटोप बहुतेक वेळा त्याच्याच मुळावर येतो : अर्धवट ओले व पुन्हा सुके होण्याच्या दररोजच्या फेऱ्यात साठवलेली ताकद खर्ची पडते, आणि जड पाण्यातला चुना पानांवर पांढरा थर धरतो. पूर्ण कोरडे राहू दिलेले उभे मॉस उन्हाळा अधिक सुरक्षितपणे काढते. सरपटणाऱ्या मॉसला ही मुभा कमी असते. ते घरातल्या काचेच्या बागेत किंवा कारंज्याच्या कायम ओल्या कडेलाच वर्षभर टिकू शकते.

लागवडीसाठी सर्वांत उत्तम बियाणे आपल्याच अंगणात असते. पागोळ्या पडतात त्या कौलांखालच्या पट्टीवर, जुन्या कुंड्यांच्या अंगावर किंवा वापरात नसलेल्या विटांवर जे मॉस उगवलेले आहे, त्याने ती हवा, ते पाणी आणि तो पृष्ठभाग पसंत केलेला आहे, हे सिद्धच आहे. तेच मॉस तशाच पृष्ठभागावर न्यावे, म्हणजे विटेवरचे विटेवर, मातीवरचे मातीवर आणि सालीवरचे सालीवर. मॉसला आम्लधर्मी जमीन लागते हे सर्वत्र सांगितले जाणारे सूत्र ल्युकोब्रायम व पॉलिट्रायकमला लागू आहे. चुन्याच्या भिंतीवर सुखाने राहणाऱ्या हायोफिलाला ते लागू नाही. जमीन भुसभुशीत करण्याची माळ्याची सवयही येथे आड येते, कारण मॉसला घट्ट, दाबलेली, तणविरहित माती हवी असते. तुकडे किंवा चकत्या दाबून बसवाव्यात. खाली हवेची पोकळी राहिली तर मूलाभ धरत नाहीत. मृगाचा पहिला जोराचा पाऊस ओसरल्यावर, म्हणजे तुकडे वाहून जाण्याचा धोका कमी झाल्यावर, लागवड करावी, उतारावर नारळाच्या काथ्याची जाळी पसरावी आणि पहिल्या काही आठवड्यांत उघडीप पडली तर पावसाच्या साठवलेल्या पाण्याचा बारीक फवारा द्यावा. त्यानंतरची निगा म्हणजे मुख्यतः गळलेली पाने उचलणे. पानांच्या थराखाली प्रकाश न मिळालेले मॉस पिवळे पडून मरते. साळुंक्या किडे शोधताना कोवळ्या चकत्या उलथून टाकतात, त्याला काही दिवस जाळी हाच उपाय आहे.

मॉस ताकात घोटून भिंतीला फासण्याची कृती बागकामाच्या पुस्तकांतून व गप्पांतून अढळ स्थान मिळवून आहे, आणि ताकाची कधी वाण नसलेल्या मराठी घरांत ती विशेष आवडीने करून पाहिली जाते. तिला आधार मात्र फारसा नाही. मॉस आपले अन्न प्रकाशात स्वतः तयार करते. ताकातली प्रथिने व साखर त्याच्या उपयोगी पडत नाहीत, ती बुरशी व जिवाणूंच्या उपयोगी पडतात, आणि आठवड्याभरात मॉसऐवजी करडी बुरशी व वास हाती येतो. ताकाचा आंबटपणा पहिल्या पावसात धुऊन जातो. उभ्या पृष्ठभागाला तुकडे चिकटून राहावेत एवढाच या लेपाचा फायदा मानता येतो, आणि तो साध्या चिखलानेही मिळतो. मिक्सरमध्ये बारीक वाटल्यास पेशी फुटतात. त्यापेक्षा हाताने चुरलेले, पाण्यात कालवलेले तुकडे अधिक टिकतात.

युरोप-अमेरिकेतील हिरवळीच्या संस्कृतीत मॉस हा शत्रू ठरलेला होता आणि त्याला मारण्यासाठी लोह सल्फेट वापरण्याची पद्धत तेथे अजून चालू आहे. जॉर्ज शेंक यांच्या १९९७ मधील ‘मॉस गार्डनिंग’ या पुस्तकाने मॉसकडे लावण्याजोगी वनस्पती म्हणून पाहायला तेथील बागप्रेमींना प्रवृत्त केले. मात्र मॉसची मागणी वाढल्याने नवा प्रश्न उभा राहतो. ऑर्किड आणि मॉस-काठ्यांसाठी विकले जाणारे स्फॅग्नम आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे वीसपट पाणी धरते, आणि ते मुख्यत्वे न्यूझीलंड, चिली यांसारख्या थंड देशांच्या दलदलींतून येते. जगाच्या भूभागाच्या सुमारे तीन टक्केच व्यापणाऱ्या पीट जमिनी जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा अधिक कार्बन धरून आहेत, आणि त्यांची जडणघडण मोठ्या प्रमाणात याच मॉसने केलेली आहे. मनीप्लँटच्या काठीला नारळाचा काथ्या तितकाच चालतो. घाटातल्या कड्यांवरून मॉसच्या सबंध चादरी खरवडून आणण्याचे समर्थन तर कोणत्याच अंगाने होत नाही, कारण त्या चादरी साठायला अनेक पावसाळे लागतात आणि शहराच्या गच्चीवर त्या एक उन्हाळाही काढत नाहीत. ओळखीसाठी नखाएवढा नमुना पुरेसा असतो. तो साध्या कागदाच्या पुडीत बांधून, वर जागा, पृष्ठभाग आणि तारीख लिहून ठेवला तर त्याला दाबण्याची, रसायनात बुडवण्याची वा बुरशीपासून जपण्याची फारशी गरज पडत नाही. वर्षांनंतरही पुडी उघडून त्यावर पाण्याचा थेंब टाकला की गुंडाळलेली पाने उलगडतात आणि भिंगाखाली ती ताज्या नमुन्याइतकीच स्पष्ट दिसतात.